फडक्याखालचे कुरळे

डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी मी मूल गावाला जाणाऱ्या बसमध्ये जागा सोडली, आणि त्याला मार लागलाच नव्हता. घट्ट बांधलेल्या फडक्याखाली टेंगळं दिसत होती. खड्डा आला की मी हळूच त्याची मान सावरायचो.

"काऊन पकडून राह्यले भाऊ?" त्याने विचारलं. "केस गुंडाळले हायेत."

झाडीपट्टीच्या, म्हणजे या जंगलपट्ट्यातल्या गावोगावच्या नाटकांत तो तरुणपणापासून डिस्को नाचत आलेला. ओले केस बांबूच्या काड्यांवर गुंडाळायचे आणि तसंच प्रयोगाच्या गावी जायचं. यंदा नाटक मंडळीच्या मालकाने बजावलं होतं, म्हातारा दिसलास तर नाच दुसऱ्याला देईन. आज मालक त्याला पारखणार होता.

बाहेर सागवान संथपणे मागे सरकत होतं. डोळे मिटून तो गुडघ्यावर ताल धरत होता आणि उभ्या उभ्या मीही झुलायला लागलो. मूल गाव जवळ आलं तसं त्याने फडकं सोडलं, एकेक काडी उपसली. कानांवर कुरळ्यांचा काळाभोर ढग उतरला. खाली चेहरा मात्र सुरकुतलेलाच.

"किती वय वाटते माह्यं?"

"तिशीतले दिसता," मी म्हणालो.

त्याने काड्या फडक्यात गुंडाळल्या. "खोटं बोलणं तुमाले जमत नाई भाऊ. पण आखीन एकडाव म्हणा."