दोन सह्यांचं इंजेक्शन

मी मूळचा सावद्याचा. केळीच्या बागा भावांनी सांभाळल्या आणि मला शिकवून औषधांच्या दुकानात बसवलं, कारण माझी जीभ तिखट आणि गावात माझं कुणाशी पटायचं नाही. धुळ्याला देवपुरात दुकान टाकलं. मागच्या खोलीत राहायचं, स्टोव्हवर भात लावायचा, पुढे येऊन दुकान उघडायचं. लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. दिवसभर माणसं यायची, पण ती बोलायची खोकल्याबद्दल आणि तापाबद्दल. जेवलात का, एवढं विचारणारंही कुणी नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटायचं.

दुकानात एक लोखंडी कपाट होतं. त्यात मॉर्फिनची इंजेक्शनं असायची. अफूपासूनचं औषध, म्हणून त्याचा परवाना वेगळा, रजिस्टर वेगळं. डॉक्टरांची चिठ्ठी आली की औषध द्यायचं आणि चिठ्ठीवर शिक्का मारायचा. शिक्का पडला की ती चिठ्ठी मेली, पुन्हा हवं तर नवी आणायची. पण लोकांना वाटतं तसं हे नुसतं शिक्के मारायचं काम नव्हे. दुखणं खरं की नशेसाठी केलेलं सोंग, लिहून दिलेलं पुरणार की नाही, हे चिठ्ठीत नसतं. ते समोरच्या माणसाकडे बघून ओळखावं लागतं.

मागच्या गल्लीत एक आबा राहायचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोला, गल्ली त्यांना मावशी म्हणायची, गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून परत पाठवलं होतं. इंजेक्शन टोचायला गल्लीतली नर्सबाई यायची. सुरुवातीला आबा औषध तुपासारखं पुरवून वापरायचे, अगदी सहन होईना झालं की मगच. मी त्यांच्यावर भडकलो. म्हटलं, दुखणं चढून बसल्यावर देऊन काय उपयोग, घड्याळ बघून द्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो, दोन वेळचं पुरत नाही, तीन करा म्हणून. डॉक्टर भला माणूस, त्यांनी लगेच केलं. मावशींना झोप लागायला लागली. एकदा त्यांनी अंथरुणात बसून मेथी निवडली आणि आबांच्या हाती माझ्यासाठी पाठवली. मला भाजी करता येत नव्हती, तरी केली, करपवली आणि सगळी खाल्ली.

आमच्या धंद्यात तिथे एक रीत होती, कुठल्याच कायद्यात न बसणारी. डॉक्टर गावाला गेलेत आणि रोगी तळमळतोय, असं झालं तर समोरासमोरच्या दोन दुकानदारांनी मिळून औषध द्यायचं. औषध एकाचं, आणि त्याच्या रजिस्टरवर दुसऱ्याची सही, की रोगी मला माहीत आहे. डॉक्टर परतले की चिठ्ठी घेऊन ठेवायची. एकट्याने दिलं तर चोरी, दोघांनी दिलं तर इलाज. रस्त्यापलीकडे एका मारवाडी शेटजींचं दुकान होतं. आम्ही दोघांनी असं दोनदा केलं होतं. काउंटरवरूनच एकमेकांना मान हलवायची, बस्स.

मग आणीबाणी आली. एक दिवस एक माणूस पाट्या घेऊन दुकानोदुकानी फिरला. देश शिस्तीने पुढे चालला आहे, अफवा पसरवणाऱ्यांपासून सावध राहा, असं काहीतरी लाल अक्षरात. सक्ती नाही म्हणाला, फक्त सगळ्यांनी लावली आहे. मी मनात म्हटलं, कपाळ! यावर कोण विश्वास ठेवणार? तर शेटजींनी तासाभरात पाटी ठोकली, वर रोज सकाळी फडक्याने पुसायलाही लागले. गावातली दोन-चार बोलकी माणसं तेव्हा उचलून नेली होती. त्यांची नावं कोणी सांगितली, कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की शेटजी नावं सांगणाऱ्यांतले. मग मीही पाटी लावली, मुद्दाम मोठी मागून घेतली. आमचं मान हलवणं बंद झालं. आधीच मला ओळखीने मान हलवणारा एकच माणूस होता, तोही तुटला.

आणीबाणीतल्या दुसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांना चार दिवस तालुक्यातल्या नसबंदी शिबिराला नेलं. आबांना चिठ्ठी देणारे ते एकटेच. नेमकी सोमवारी मावशींची इंजेक्शनं संपली. सकाळी आबा जुनी चिठ्ठी घेऊन आले. माझ्या कपाटात सहा इंजेक्शनं होती. मी चिठ्ठीवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि डॉक्टर आल्याशिवाय जमणार नाही म्हणालो. माझा तो आवाज मला अजून आठवतो, एखाद्या कारकुनासारखा.

आबा काउंटर धरून उभे राहिले. म्हणाले, "तिले भलतंच दुखस, भाऊ. तुम्हना हातमा शे."

माझ्या हातात होतं, तरी मी नाही म्हणालो. ते रस्ता ओलांडून शेटजींकडे गेले आणि रिकाम्या हाताने बाहेर आले. शेटजींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मला वाटलं, हा बघतोय मी काय करतो ते. मी मान खाली घालून गोळ्या मोजायला लागलो.

मंगळवारी आबा पुन्हा आले, पुन्हा गेले. मावशींचा आवाज माझ्या मागच्या खोलीत यायचा. गल्लीतल्या लोकांनी रेडिओ मोठे केले. रेडिओवर शेतकरी सुखी, कामगार सुखी, गाड्या वेळेवर. मीही माझा लावला, त्यांच्याहून मोठा. बुधवारी दुपारी मावशी गेल्या. डॉक्टर शुक्रवारी परतले.

पुढच्या मार्चमध्ये निवडणुका झाल्या, सरकार पडलं, पाट्या उतरल्या. त्याच आठवड्यात शेटजी रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. बराच वेळ उगाच बाटल्यांवरची नावं वाचत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तुमची पाटी माझ्यापेक्षा मोठी होती. मला वाटलं, तुम्ही त्यांचे."

त्या सोमवारी तेही वाट बघत होते. मी नुसती मान हलवली असती तर ते सही करायला आले असते. त्यांच्याही कपाटात इंजेक्शनं होती. दीड वर्ष मी स्वतःला शहाणा समजत होतो, कारण पाटीवरच्या एका अक्षरावर माझा विश्वास नव्हता. अरे, पण विश्वास ठेवा म्हणून ती दिलीच कुठे होती? समोरच्याने ठेवलाय असं मला वाटलं, मी ठेवलाय असं त्याला वाटलं, तेवढ्यावर सरकारचं काम भागलं.

आम्ही दोघं आबांकडे गेलो. मीच सगळं सांगितलं. औषध दोघांकडेही होतं, दोघंही एकमेकांना भ्यालो. शिव्या खायची तयारी करूनच गेलो होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

आबांनी ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातल्या मावशींच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं.

"तिले शेवटपर्यंत वाटनं," ते म्हणाले, "मीच आणत नही."

मग ते उठले आणि चहा घेऊन जा म्हणाले. नको म्हणायला आम्हाला तोंड नव्हतं. आम्ही दोघं त्या खाटेसमोर खाली बसलो आणि आबांनी दिलेला चहा प्यायलो.