मी पास केलेलं पाणी

"हेपटायटिस ई," सिडनीतल्या पेंडल हिलच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ. कुठलं पाणी प्यायलात?"

मी नुकताच दक्षिण सुदानहून परतलो होतो. लढाईत मोडलेल्या एका आरोग्य केंद्राची पाण्याची व्यवस्था दुरुस्त करून. "पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका" हे चार महिने लोकांना सांगणारा इंजिनीअर तो मीच. बाईंना हे सांगताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

घरी बायको म्हणाली, "आपल्या हळदीलासुद्धा तू इतका पिवळा नव्हतास."

दर आठवड्याला एलएफटी, म्हणजे यकृत कसं चाललंय ते पाहणारी रक्ततपासणी. पहिल्याच वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही विश्रांतीने बरे व्हाल. गरोदर बाईच्या मात्र हे जिवावर बेतू शकतं."

दक्षिण सुदानच्या त्या केंद्रात पोषक आहारासाठी गरोदर बायका येतात आणि माझ्या टाकीचं पाणी पितात. ते पास केलं मी, सहीनिशी.

तिथल्या सुईणीला, आचोलला, फोन केला. "पाणी पुन्हा तपास. तोवर बायकांना उकळून दे." रिपोर्टला दोन दिवस. जेवण जात नव्हतंच, आता त्याला आणखी एक कारण मिळालं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "टाकी स्वच्छ आहे. तू माझ्या आईकडे नदीचं पाणी प्यायलास. मगभर."

आठवलं. म्हातारीने दारात मग पुढे केला. दारी गेल्यावर पाण्याला नाही म्हणू नये, हे आपले संस्कार. मी वर आणखी थोडं मागितलं होतं.

"मग अडवलं का नाहीस?"

"वाटलं, इंजिनीअरला कळत असेल."

"पण केंद्रात नळ असताना आई नदीचं का पिते?"

"केंद्राचं फाटक चारला बंद होतं. तोवर घरचे शेतातून येत नाहीत. मी एक कॅन नेते, तो पुरत नाही. माझी बहीणही आईच्याच मडक्यातलं नदीचं पिते. सातवा महिना आहे तिला."

माझ्या अहवालात 'पाणीपुरवठा पूर्ववत' असं लिहिलं होतं.

पुढचे दहा दिवस मी टूनगॅबीच्या आमच्या घरी सोफ्यावर पडून फोनवरून पाइप मोजत होतो. आचोलने माणसं जमवून नळ कुंपणाबाहेर आणला. काम सगळं तिचं, सूचना तेवढ्या माझ्या.

आता माझं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, उतरलंय. अडीच महिन्यांनी आचोलच्या बहिणीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

डोळे पिवळे दिसले तर थांबू नका, रक्त तपासून घ्या. आणि कुणी पाणी दिलं तर कुठून आणलंत, एवढं विचारा. त्यात कुणाचा अपमान होत नाही. मी त्या दारात विचारलं असतं, तर नदीच्या पाण्याचं ते मडकं मला तिथेच दिसलं असतं.