बाळंतिणीच्या बाजेवरचा प्रोफेसर

आखाडा बाळापूरचा मकबूल पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव गाद्या भरत हिंडायचा, आणि त्याचं पोरगं कय्युम हैदराबादच्या कॉलेजात सियासियात शिकवायला लागलं. सियासियात म्हणजे राज्यशास्त्र. बाळापुरात हा शब्द कुणाच्या जिभेवर बसायचाच नाही. बाजारात कुणी विचारलं की मकबूल सांगायचा, "सरकार कशाला म्हंतेत ते शिकवून राह्यलाय पोरगा." मग सगळे हसायचे. "त्यात काय शिकवायचं मकबूलभाई? शिपाई आला की सरकार आलं. झालं की शिकून!"

हसू द्या. पण कय्युमचं सगळं शिक्षण एका रागावर झालेलं होतं, हे त्या हसणाऱ्यांना माहीत नव्हतं. एकोणीसशे तीस साली तो तेरा वर्षांचा. तहसीलदाराचा मुक्काम पडला बाळापुरात, आणि मकबूलला बोलावणं आलं. साहेबाची गादी, बाईसाहेबांची गादी, कारकुनाची गादी, अहो शिपायाच्या घोड्याच्या खोगिरातला कापूससुद्धा! चार दिवस मकबूल पिंजत होता. नाकातोंडात कापूस, संध्याकाळी खोकून खोकून डोळे लाल. आणि मजुरी? काही नाही. पोरानं विचारलं, "अब्बा, काहून?" मकबूल म्हणाला, "वेठ हाय बेटा. सरकार आलं की द्यावंच लागतंय. रीतच हाय ती."

रीत! कुणी घातली ही रीत? कय्युमला त्या दिवसापासून या एका प्रश्नानं पछाडलं. हिंगोलीला शिकला, परभणीला शिकला, लोकांच्या ओट्यावर झोपला, वार लावून जेवला, आणि हैदराबादला जाऊन पार एम. ए. झाला. चाळीस साली त्याच कॉलेजात शिकवायला उभा राहिला. पहिल्याच तासाला फळ्यावर दोन शब्द लिहिले, रयत आणि नागरिक, आणि म्हणाला, "रयतेला हुकूम मिळतो. नागरिकाला विचारलं जातं. एवढंच राज्यशास्त्र आहे. बाकी सगळी पुस्तकं याच्यावरची टीका." मागच्या बाकावरून एक नवाबजादा म्हणाला, "सर, मग आपण कोण?" कय्युम म्हणाला, "ते विचारायला परवानगी लागते, यावरून ओळखा." वर्ग खदखदून हसला. ही गोष्ट त्याच दिवशी वरपर्यंत गेली, पण तरुण मास्तर आहे, बोलतो काहीबाही, म्हणून सोडून दिली.

पंचेचाळीस साली सरकारनं एक कमिटी बसवली. गावागावात पंचायती आणायच्या, तर आधी गावाचा कारभार कसा चालतो ते बघायचं. कळमनुरी तालुका कय्युमकडे आला, कारण त्याला मराठी येत होती. काय आनंद झाला होता त्याला! बायकोला, अख्तरीला म्हणाला, "बघ, आता सरकारच विचारतंय. पहिल्यांदा!" त्याच्या सवालांच्या यादीत सातवा सवाल त्यानं स्वतः घातलेला होता. गावात बेगार, म्हणजे तीच वेठ, घेतली जाते का? कागदावर बेगार कधीच बंद झालेली होती, फर्मान निघून किती वर्षं झाली होती. कय्युमला ते कागदावरचं खोटं चव्हाट्यावर आणायचं होतं. त्यासाठीच तर गेला होता तो.

पहिलं गाव बोरखेडी, कयाधूच्या काठचं. वेशीपासूनच माणिकराव पाटील हात जोडून पुढं. गाडी पाठवलेली, तिच्यावर गाद्यागिरद्या. चावडीवर सगळं गाव बसवलेलं, पाटील मधोमध. कय्युमनं एकेक सवाल विचारला. सातव्यावर आला.

"बेगार चालते का गावात?"

माणसं पाटलाकडं बघायला लागली. पाटील हसले. "छे छे सायब. ह्या गावात जे व्हतं ते प्रेमानं. इच्यारा की ह्येंला."

"न्हाई सायब," सगळं गाव एका सुरात म्हणालं.

आणि कय्युमनं लिहिलं, नाही! एवढा शिकलेला माणूस, रयत आणि नागरिक सांगणारा, त्यानं पाटलाच्या समोर विचारलं आणि पाटलाच्या समोर मिळालेलं उत्तर लिहून घेतलं. वर त्याला वाटलं, बरं आहे हे गाव. रात्रीचं जेवणही झकास. कोंबडी, दूध, ताजी भाकरी. निजायला पाटलाच्या ओसरीत एक बाज टाकलेली, सुंभानं विणलेली, आणि तिला ओव्याचा, शेपांचा धुरकट वास. कय्युमला फार आवडला तो वास. मच्छरांसाठी धुरी दिली असेल, असं वाटलं त्याला. वहीत लिहिलंसुद्धा, 'या भागात पाहुण्याच्या बाजेला धुरी देण्याची चांगली पद्धत आहे.'

सकाळी दात घासत होता, तर दारात एक म्हातारी येऊन उभी. सखुबाई तिचं नाव. पाटलाच्या गड्याला दबक्या आवाजात विचारत होती, "सायब उठले का रं? बाज मोकळी झाली आसंल तर नेऊ का?"

गडी खेकसला, "दोन रोज हायती सायब. मंग ने."

"दोन रोज कसं रं बाबा? लेकीला, पारबतीला भुईवर निजवलंय. सातवा दिवस हाय बाळंतपणाचा. शेक कुठून द्यावा मी तिला?"

कय्युमच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाळंतिणीला बाजेवर निजवतात, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकतात, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्याच्या घरातही हेच होत होतं. पण पुरुषमाणूस, त्या खोलीत कधी गेला नाही, तो वास कधी नाकाशी धरला नाही. आणि रात्रभर त्या वासात मजेत झोपला! एका ओल्या बाळंतिणीला जमिनीवर उतरवून तिची बाज साहेबाला दिली, आणि साहेब कशाला आलेत? तर बेगार आहे का ते बघायला!

त्यानं बाज उचलली आणि डोक्यावर घेतली. गडी धावला, पाटील धावले, "सायब, सायब, आमाला लाजिवणं करू नका!" तो कुणाचं ऐकतो! भर गल्लीतून हैदराबादचा प्रोफेसर डोक्यावर बाज घेऊन सखुबाईच्या मागं चालत गेला. बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून बघत होत्या.

अंगणात बाज टेकवली. सखुबाई काही कौतुकानं बघत नव्हती. उलट करवादलीच.

"आता उतू नका लई. काल चावडीवर गोड गोड इच्यारत व्हतात नव्हं, बेगार हाय का म्हून? बेगारीच्या गाडीत बसून आले, बेगारीचं दूध पेले, आन् बेगारीच्या बाजेवर निजले. कोन काय सांगंल तुमाला? पाटलाच्या हाताखाली गावात जगावं लागतं आमाला."

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलं म्हनून पारबतीची कंबर शेकती का?"

शेजारचा ग्यानबा कुंपणाशी उभा होता, तो हळूच म्हणाला, "गाडी माजी व्हती सायब. खळ्यावर ज्वारीची मळनी चालू व्हती. बैल सोडून आनले. वर आभाळ भरून आलेलं. भिजली सगळी ज्वारी."

त्या दिवशी कय्युमनं पाटलाचं घर सोडलं. स्वतःचं पीठ, स्वतःचं अंथरूण. मारुतीच्या पारावर राहिला आणि तालुक्यात दोन महिने पायी फिरला. चावडीवर एकदाही बसला नाही. खळ्यावर, पाणवठ्यावर, तांड्यावर, जिथं माणूस एकटा सापडेल तिथं विचारलं. आणि मग लोक जे बोलायला लागले! सत्तर पानं भरली. पण पहिलं पान त्यानं स्वतःचं लिहिलं. 'बेगार घेणारा: कय्युम वल्द मकबूल, प्रोफेसर. गाव: बोरखेडी. काय घेतलं: मळणीवरचे बैल आणि गाडी, दूध, कोंबडी, आणि बाळंतिणीच्या अंगाखालची बाज. मोबदला: काही नाही.'

हैदराबादला कमिटीच्या साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि हसले. चहा मागवला.

"प्रोफेसर साहब, लिहिता तुम्ही उत्तम. पण हे पहिलं पान काढा. स्वतःवर कोण फिर्याद करतो? आणि बाकीचंही जरा मऊ करा. बेगार म्हणू नका, लोकांचं सहकार्य म्हणा. मग तुमच्यासाठी कमिटीत कायमची जागा आहे."

"पहिलं पान काढलं तर उरलेल्या सत्तर पानांवर कोण विश्वास ठेवील, साहेब?"

"कुणी ठेवावा अशी कुणाची इच्छा आहे?"

बघा! तोंडावर सांगितलं. कय्युमनं पान काढलं नाही. रिपोर्ट कपाटात गेला, कय्युम कमिटीतून गेला, आणि कॉलेजात त्याचे तास काढून त्याला लायब्ररीत पुस्तकांवर नंबर टाकायला बसवलं. तीन वर्षं! राज्यशास्त्राचा एम. ए. पुस्तकांच्या पाठीवर डिंक लावत होता. रझाकारांचा जोर झाला तेव्हा कॉलेजातली पोरं त्याला गद्दार म्हणायची, मुसलमान असून सरकारची बदनामी करतो म्हणून. त्यानं मान खाली घालून डिंक लावला आणि वाट बघितली.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. कय्युमला वाटलं, आता निघणार रिपोर्ट! आता तरी विचारतील! आणि विचारलंच. डिसेंबरात बोलावणं आलं, जुन्या सरकारी नोकरांची चौकशी म्हणून. नवीन अधिकारी बाहेरच्या प्रांतातले, टेबलावर एकच कागद. कय्युमनं लांबूनच ओळखला. पहिलं पान.

"हे अक्षर तुमचं?"

"होय. बाकीची सत्तर पानं कुठं आहेत?"

"दफ्तरात एवढंच सापडलं."

एवढंच सापडलं! ज्यांनी साऱ्या तालुक्याला राबवलं त्यांची पानं उंदरांनी खाल्ली आणि ज्यानं कबूल केलं त्याचं तेवढं शिल्लक राहिलं! आणि साक्षीला कोण आलं होतं, तर माणिकराव पाटील. डोक्यावर नवी कोरी पांढरी टोपी. म्हणाले, "बोरखेडीत बेगार कवाच नव्हती, हुजूर. प्रोफेसर सायब पाव्हणे म्हून आले. बाज आमी प्रेमानं दिली."

अधिकारी माणूस तसा वाईट नव्हता. त्यानं कय्युमला समजावलं. "हे पहा, पाटील तर तुमच्याच बाजूनं बोलताहेत. तुम्ही एवढंच लिहून द्या की तुम्ही भावनेच्या भरात लिहिलं, तशी बेगार झाली नव्हती. प्रकरण मिटलं. पुढच्या महिन्यापासून परत वर्गात शिकवा."

कय्युमच्या घरी पोरंबाळं होती. अब्बाची छाती कापसानं पार गेलेली. सकाळी निघताना अख्तरीनं हात धरून सांगितलं होतं, "अजी, इस वक्त जबान सांभालो. जो बोले सो लिख देव." आणि वर्ग! तीन वर्षं तो फळा डोळ्यांसमोर येत होता त्याच्या. पण लिहून दिलं असतं तर सरकारी कागदावर काय राहिलं असतं? बोरखेडीत बेगार कधीच नव्हती. जुन्या सरकारनं तेच म्हटलं, नवं सरकारही तेच म्हणणार. ग्यानबाची भिजलेली ज्वारी खोटी, पार्वतीची भुई खोटी, पाटलाचं प्रेम तेवढं खरं!

"बेगार झाली," कय्युम म्हणाला. "मी घेतली. या पाटलांनी घ्यायला लावली. लिहा."

पाटलांच्या नावाचा भाग लिहिला गेला नाही. त्याला म्हणे पुरावा नव्हता. आठ दिवसांत बेगार घेतली म्हणून बडतर्फीचा हुकूम आला. पगार बंद, पेन्शन नाही. अख्तरीनं तो कागद भिंतीवर भिरकावला. "मुसलमान के नाम पर निकाल्या होता तो रोती. गद्दारी के नाम पर निकाल्या होता तो भी रोती. पर सच बोल्या करके निकाल्या? ये कैसी सरकार है जी!" कय्युमनं कागद उचलला, वाचला आणि परत वाचला. मग गाडी पकडून पूर्णेला, तिथून हिंगोलीकडं, आणि पायी बोरखेडी.

चावडीवर पाटील होते. पाटीलकी त्यांच्याकडेच! टोपी तेवढी बदललेली. कय्युम पायरीवर उभा राहिला आणि मोठ्यानं हुकूम वाचायला लागला. माणसं गोळा झाली. 'सन एकोणीसशे पंचेचाळीस साली मौजे बोरखेडी, तालुका कळमनुरी, इथे सरकारी दौऱ्यात बेगार घेतली गेली हे सिद्ध झालं आहे. ही गोष्ट बेकायदा असून सबब...'

"बंद कर!" पाटील ओरडले. "काढलं ना तुला नोकरीवरनं? मंग हितं काय आब सांगायला आलास?"

ग्यानबा पुढं आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "थांबा पाटील. काय म्हनला मास्तर, सिद्ध झालं?"

"होय. सरकारचा शिक्का आहे," कय्युम म्हणाला.

"एक डाव माजी गाडी घेतली म्हून ह्येला घरी बसवलं. आन् तुमी पाटील? सुगी आली की माजे बैल, पाव्हणा आला की माजे बैल. तुमाला काहून न्हाई बसवलं घरी?"

पाटलांनी गड्याला हाक मारली. गडी जागचा हलला नाही. गर्दीतून कुणीतरी बोललं, "इच्यारतोय तर सांगा की!" मग एकदम गलका. तीन वर्षांत, तीस वर्षांत कुणी जे बोललं नव्हतं ते सगळं एकदम. पाटील तरातरा निघून गेले. तहसीलला जाऊन तक्रार करणार होते, करोत.

ग्यानबानं कागद मागितला. पुढच्या दौऱ्याचा शिपाई आला की दाखवायला. शेजारच्या वाडीचा माणूस म्हणाला, आमालाबी द्या. तांड्यावरचा सेवा नावाचा लमाण म्हणाला, आमच्याकडचं दूध काय आभाळातनं पडतं का, आमालाबी द्या. कागद तर एकच होता. तेव्हा कय्युम त्याच चावडीवर मांडी घालून बसला आणि आपल्याच बडतर्फीच्या नकला करायला लागला. घाईत शाई सांडत होती.

सखुबाई कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभी राहिली. "नीट लिव्ह रं मास्तर. तुला काढलं ते बारीक अक्षरात आसू दे. सिद्ध झालं म्हनलंय नव्हं, ते मोट्या अक्षरात काढ."