अक्काच्या गोळ्या

बाजारात ओल्या हळदीचा वास आला की मला सत्तरच्या दशकातलं आमचं हट्टा गावचं शेत आठवतं. एके दिवशी तिथं कढईत हळद शिजत होती आणि माहेरी आलेली माझी थोरली बहीण वाफेत उभी राहून खोकत होती. तिला क्षय झाला होता, पण सरकारी दवाखान्यातल्या औषधानं ती चांगली सावरली होती. आईनं एकदम विचारलं, "गोळ्या घेऊन राहिली ना?" अक्का खाली बघत म्हणाली, "सोडल्या. सासू म्हणती, ती दवा गरम असती, लेकरू राहत न्हाई. आन् आता मला काय बी तकलीफ न्हाई." आईनं हळद तशीच टाकली आणि तिला एसटीनं वसमतला नेलं. संध्याकाळपर्यंत मी नुसती आत-बाहेर करत राहिले. दोघी परतल्यावर कळलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, बरं वाटलं म्हणून मधेच सोडलं तर पुढं हेच औषध लागू पडणार नाही. आणि त्यानं मूल होत नाही हे खोटं. चार दिवसांनी दाजी न्यायला आले. आई दारात उभी राहिली. "औषध पुरं झाल्याबिगर पोरगी पाठवत न्हाई." "मग मी दुसरी करतो," म्हणून ते तणतणत गेले. अक्का महिनोन् महिने रडत गोळ्या गिळायची. ती पूर्ण बरी झाली, दाजीच न्यायला आले, पुढं दोन लेकरं झाली. पण ते परत येतील हे त्या दिवशी आईला कुठं ठाऊक होतं? माझ्या लेकीसाठी मी तशी दारात उभी राहिले असते का, हे मला अजून सांगता येत नाही.