आईच्या वाट्याची सव्वा मूठ

या कॉलममधले अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आलोय. वडाखालची बाई, मागून येणारी पावलं, लिफ्ट मागून गायब होणारा म्हातारा... मित्रांच्या ग्रुपवर पाठवून टिंगल करणाऱ्यांत पहिला नंबर माझा. मी मेकॅनिकल इंजिनिअर, राहतो जळगावला, पिंप्राळ्यात. भूत, करणी, देवीचा कोप यातलं मी काही मानत नव्हतो आणि खरं सांगायचं तर आजही मानत नाही. म्हणून तर पंचाईत झालीय. मानणारा माणूस निदान नारळ फोडून मोकळा होतो.

तीन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली आणि पाठीवर सॅक टाकून जॉर्जियाला गेलो. वर्क एक्स्चेंज नावाचा प्रकार असतो. एखाद्या कुटुंबाकडे दिवसाचे पाच तास काम करायचं, बदल्यात खोली आणि जेवण. माझी होस्ट फॅमिली म्हणजे पन्नाशीतलं जोडपं, नीनो आणि गिया. डोंगराच्या कुशीत त्यांचं घर, द्राक्षाचा मळा आणि कोंबड्या. मी मळ्याला पाणी द्यायचो, तण काढायचो, सकाळ-संध्याकाळ भांडी घासायचो. माणसं सोन्यासारखी. मी मांस खात नाही म्हणून नीनो माझ्यासाठी रोज वेगळी वांगी भाजायची.

एका शनिवारी भांडी घासताना, कोपरापर्यंत फेस, असा माझा फोटो नीनोने काढला आणि मी तो हौसेने फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'इंजिनिअर ऑन ड्यूटी'. मूर्खपणा माझाच. कारण त्याच दिवशी आमची सगळी भावकी साक्रीजवळच्या आमच्या गावी जमलेली होती, कानबाईसाठी.

खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. सुरत, नाशिक, पुणे, कुठेही पांगलेली माणसं त्या दिवशी गावी येतात. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात आणि ते रोट फक्त घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कणही नाही. काही घरांत फक्त पुरुषांच्या मुठी मोजतात. आमच्यात बायकांच्याही मोजतात, आणि माझे वडील, म्हणजे आबा, पाहुण्यांना हे फार अभिमानाने सांगतात. आमच्या घरची आणखी एक पद्धत आहे. मुठी एकत्र करत नाहीत. कोऱ्या धोतरावर प्रत्येकाचा ढीग वेगळा मांडतात, आणि बायका जात्यावर एकेक ढीग घालताना त्या माणसाचं नाव घेतात. जो गावी पोचू शकला नाही त्याचीही मूठ असतेच. मी कॉलेजला होतो तेव्हा माझी असायची. एक चुलतभाऊ दुबईला आहे, त्याची असते.

रविवारी पहाटे आबा ढीग मांडायला बसले. घरात मोठे तेच. सगळे ढीग मांडून झाले आणि त्यांनी गव्हाची पाटी बाजूला सारली. माझा ढीग नव्हता. आईने विचारलं. आबा चौघांसमोर म्हणाले, "जो दुसरास्ना घर पोटावारी भांडा घासस, त्यानी मूठ आठे नही."

पोटावारी म्हणजे पगार नाही, नुसत्या भाकरीवर राबायचं. आमच्याकडे पूर्वी असे गडी असायचे. माझ्या वर्क एक्स्चेंजचं आबांनी केलेलं हे भाषांतर, आणि ते चूक आहे असं मला अजूनही म्हणता येत नाही. आई जातं पुसायला गेली. ती कधीच बोलायची नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी साडेतीन हजार किलोमीटरवर गाढ झोपेत होतो.

सकाळी साडेसातला मी नाश्त्याला खाली गेलो. टेबलावर दोनच ताटल्या. मी गुड मॉर्निंग म्हटलं. गियाने मान वर केली नाही. मला वाटलं नवरा-बायकोचं भांडण झालं असेल. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसलो, तर नीनो धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवायला लागली. रिकाम्या खुर्चीवर ठेवतात तशी. मी कसाबसा उठलो. नीनो, नीनो, म्हणून हाका मारल्या. तिच्या तोंडापुढे हात हलवला. तिने पाव कापला, नवऱ्याला दिला, दोघं खाऊन उठले.

मला आधी हसू आलं. मग राग. मग भीती वाटायला लागली... यांना मी नकोसा झालोय आणि घालवून द्यायची यांची ही रीत असणार. परदेशात आपल्यासारख्याला कोणी हाकललं तर काय करायचं असतं, हे कुठल्याच वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. तरी मी शहाण्यासारखा कामाला लागलो. कोंबड्यांना दाणे टाकले, मळ्याचा पाइप फिरवला. मागच्या दाराच्या पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात दार उघडून नीनोने खरकट्या पाण्याचा टब माझ्या अंगावर ओतला. कोमट, तेलकट पाणी, त्यात टोमॅटोची सालं. ओतताना ती माझ्याकडे बघत होती. दोन हातांवरून, थेट डोळ्यांत. चेहऱ्यावर काही नाही. तेव्हा मी रडलो, चांगला हुंदके देऊन, आणि ती दार लावून आत गेली.

अकराच्या सुमाराला मी तशाच ओल्या शर्टात सॅक भरून जिन्यावरून उतरत होतो. खाली नीनो होती. मला बघून ती भिंतीला टेकली. होतास कुठे, म्हणाली, गिया तासभर ओढ्यावर शोधतोय तुला, सकाळपासून तुझी खोली रिकामी आहे. मग तिने माझ्या खांद्यावरची टोमॅटोची साल उचलली आणि तिच्याकडे बघत राहिली. ती नाटक करत नव्हती. मला माणसं ओळखता येत नसतील, पण घाबरलेली बाई ओळखता येते.

जॉर्जियात अकरा म्हणजे आपल्याकडे साडेबारा.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगावं म्हणून मी फोन लावत राहिलो. कोणी उचलेना. शेवटी गावी आलेल्या एका चुलतभावाने उचलला. आईला धुळ्याला ॲडमिट केलं होतं. मोठा झटका, उजवी बाजू गेली, वाचा गेली.

तिकीट मिळून धुळ्याला पोचायला मला तीन दिवस लागले. वॉर्डात शिरलो तर खिडकीजवळच्या कॉटपाशी आबा स्टुलावर बसलेले. कॉट रिकामी, चादर नीट घातलेली. आई कुठे आहे, मी विचारलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी नापास झाल्यावर बघायचे.

"तुना डोया फुटी ग्यात का रे? समोर शे ना तुनी माय."

मी परत बघितलं. आई कॉटवर होती. डावा हात माझ्याकडे उचललेला. तो किती वेळ तसा होता कोण जाणे. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलेलं.

काय झालं ते काकूने मला हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलं. काकू आणि आई जात्यावर समोरासमोर बसल्या होत्या. आईचा ढीग शेवटचा होता, साडेबाराच्या आसपास. तो जात्यात घालताना आईने स्वतःचं नाव घेतलंच नाही. तिथे तिने माझं नाव घेतलं. काकूने हात धरला तर आई म्हणाली, "त्याले एकटाले कसं सोडू? माले काय, मी घरमाच शे."

दळून झालं, आई उठली, आणि त्यानंतर ती कोणालाच दिसली नाही. दुपारभर कोणाला तिची आठवणही आली नाही. काकू म्हणते, मी आठवून बघते, पण त्या दुपारी जाऊबाई नावाचं माणूस माझ्या डोक्यातच नव्हतं. सहाला दिवा लावायच्या वेळी तेलाची बरणी घ्यायला काकू स्वयंपाकघरातून मागच्या बोळीत गेली आणि पाय अडखळला. आई तिथे पडलेली होती. ती बोळ हातभर रुंद आहे. परसातल्या चुलीवरून रोट आणायचा रस्ता तोच. दुपारभर सगळ्या बायका तिथून ये-जा करत होत्या, आबा दोनदा हात धुवायला जाऊन आले. आईच्या लुगड्यावर पिठाच्या पावलांचे ठसे होते. पाठीवर, हातावर. एक गालावर होता.

डॉक्टरांनी विचारलं, लवकर का नाही आणलं, वाचा वाचली असती... घरात कोणी नव्हतं का? घरात बावीस माणसं होती.

मी आबांना जाब विचारला. मला वाटलं होतं म्हातारा कोसळेल. ते म्हणाले, आपली मूठ दुसऱ्याला द्यायचा हक्क बाईमाणसाला कोणी दिला? आणि जेवायचा डबा उघडला. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलतो. कानबाईला मी दोष देत नाही. मुठी देवीने मोजल्या नव्हत्या.

चिकित्सक वाचकांनो, तुमचे सगळे प्रश्न माझे स्वतःला विचारून झालेत. बीपी होतं का? होतं. सणाच्या गर्दीत एखादं माणूस राहून जातं का? जातं. नीनोचं डोकं फिरलं असेल, मला ताप असेल, सगळं मान्य. मग ते ठसे? आणि त्या दिवशी वॉर्डात मी कोऱ्या चादरीकडे बघत उभा होतो, ते?

पुढच्या श्रावणात आईचा ढीग मी स्वतः मांडला, सगळ्यांत आधी. दळताना तिचं नाव तीनदा घेतलं. काकू म्हणाली, आता सगळं ठीक होईल. बाकीच्यांना ती दिसतेच. आबांना दिसते, फिजिओथेरपीसाठी एक मुलगी येते तिला दिसते, शेजारणींना दिसते.

मला वेळ लागतो. जळगावच्या घरी कामावरून आलो की समोरची कॉट रिकामी असते. मी दारात उभा राहतो, आई म्हणतो, आणि थांबतो. मग कधीतरी ती तिथे असते, आणि तिच्या नजरेवरून कळतं की ती मघापासून माझ्याकडेच बघत होती. हे का होतं, मला माहीत नाही. तिला बोलता येत नाही म्हणून तीही सांगू शकत नाही, आणि मी तिला अजून विचारलेलंही नाही.

सुरुवातीला दोन-चार श्वासांचं काम होतं. परवा मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो, तो माझ्या हातात निवून त्यावर साय आली, तरी कॉट रिकामीच होती.