खिडकीवर मारलेला शिक्का

कुलूप तोडून आत शिरलो तेव्हा म्हातारा फरशीवर पडला होता. एक पाय नायलॉनच्या दोरीने खिडकीच्या गजाला बांधलेला. घोट्याला जखम, जखमेवर मुंग्या. मला वाटलं, गेला. हवालदाराने नाडी पाहिली आणि म्हणाला, "बाई, आहे." पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या नव्या इमारतीतली ती खोली आजही डोळ्यांपुढे आली की माझे हात शिवशिवतात.

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शिक्षण सातवी, तेव्हा तेवढ्यावर भरती व्हायची.

त्या खोलीत सापडलेले हे काका पुण्यात बिबवेवाडीत राहणारे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांना कव्हरं जमवायचा नाद. कव्हर म्हणजे तिकीट लावून टपालातून गेलेला लिफाफा. त्यावरचा शिक्का कुठल्या गावचा आणि कुठल्या तारखेचा, याला किंमत. त्यासाठी काका एसटीने गावोगाव फिरायचे. प्रत्येक गावाहून एक कव्हर स्वतःला पाठवायचे, एक सदाशिव पेठेतल्या मित्राला. मित्रालाही तोच नाद.

मग पुतण्या आणि त्याची बायको काकांना 'सांभाळायला' येऊन राहिले. काही दिवसांनी काका दिसेनासे झाले. पुतण्या शेजाऱ्यांना सांगे, काका शिक्के गोळा करत फिरतायत. मित्राकडे काकांच्या अक्षरातली कव्हरंही येत होती. सगळ्यांनी मान डोलावली.

मित्र मात्र ती कव्हरं घेऊन आमच्या ठाण्यात आला. ठाणे अंमलदार तरुण होता. म्हणाला, "आजोबा, शिक्का खराब आहे म्हणून गुन्हा दाखल करू?"

"शिक्क्यासाठी नको. माणूस सापडत नाही, त्यासाठी करा. आपल्याला वेळ असेल तर."

"पत्रं येतायत ना त्यांची? मग?"

"अहो, हे पेटीत टाकलेलं आहे. पेटीतलं टपाल मोठ्या कचेरीत जातं, तिथे मशीन तिकिटावर रेघा ओढतं. हा माणूस पोस्टाच्या खिडकीवर कव्हर देतो आणि पोस्टमास्तरला हाताने, गोल, स्वच्छ शिक्का मारायला लावतो. होईपर्यंत हलत नाही. रेघांचं कव्हर तो फुकट दिलं तरी घेत नाही. मला पाठवेल?"

अंमलदार हसला. मी शेजारच्या टेबलावर होते. माझं डोकं फिरलं. "हसायला पगार मिळतो का?" म्हटलं आणि मिसिंगची नोंद करायला लावली.

पुतण्याला बोलावलं. आयटीतला, इस्त्रीचा शर्ट. "मॅडम, काका एकदम फिट आहेत. एन्जॉय करतायत. रोज बोलतो मी."

"मग आत्ता लावा फोन."

"रेंज नसते हो त्यांना."

"रोज बोलता तेव्हा असते?"

तो वकिलाचं नाव घेऊ लागला. असली माणसं दमदाटीने बोलत नाहीत. त्याला साहेबांपुढे बसवून मी एका महिला शिपायाला घेऊन बिबवेवाडीच्या घरी गेले. काकांचा फोटो हवा, असं सांगितलं.

बायको स्वयंपाकघरात डबा भरत होती. मऊ भात, अगदी पेजेसारखा, वर बिनतिखटाचं वरण. घरात दोघंच, दोघं धडधाकट.

"कुणाचं पोट बिघडलंय?" मी विचारलं.

"कुणाचं नाही."

"मग हा भात कुणाला?"

तिने घाईघाईने डब्याला झाकण लावलं. मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, "बाई, काका मेले तर खुनात तूही. आत्ता बोललीस तर निदान ते जगतील." तिने मांजरीचा पत्ता सांगितला. पुतण्याने तिथे फ्लॅट घेतला होता, इमारतीत अजून कुणी राहायला आलं नव्हतं. काकांनी बिबवेवाडीचं घर नावावर करून द्यावं म्हणून त्याने त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. सही करा, मग गोळी. रक्ताचा पुतण्या!

दवाखान्यात काकांचा जबाब मीच घेतला. "मीच त्याला म्हटलं, मित्राला कव्हरं गेली नाहीत तर तो शोधत येईल. पत्ते लिहून दिले. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून साताऱ्याकडे, नगरकडे जाऊन टाकायचा. खिडकीवर द्यायची असतात, हे नाही सांगितलं." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

पुतण्याला अटक झाली. सोसायटीतली माणसं मला सांगत होती, मुलगा फार चांगला हो, गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी द्यायचा. मी म्हटलं, वर्गणी देत होता म्हणून तुम्ही काकांची चौकशी केली नाहीत का?

या प्रकरणाने मला एक शिकवलं. म्हातारं माणूस दिसेनासं झालं की घरचे सांगतील ते खरं मानायचं नाही. घरच्यांनाच आधी विचारायचं आणि उत्तर गोड आलं तर पुन्हा विचारायचं. हे मी पुढे प्रत्येक नव्या अंमलदाराला सांगितलं. काहींना राग आला. येऊ दे.

पुतण्या जामिनावर सुटला. खटला उभा राहायच्या आधी काकांचा तो मित्र हृदयविकाराने वारला. त्याच्या वाटची साक्ष राहिलीच. काका वाचले, आणि कोर्टात आपली साक्ष त्यांनी त्याच जखमी पायावर उभं राहून दिली.