आकाशाच्या उलट्या बाजूने

माझी आत्या वाक्याच्या मधोमध थांबते. असं थांबते, की तेवढ्यात माणूस चहा पिऊन, कप विसळून परत येईल. "मी काय म्हणत होते..." आणि नजर खिडकीबाहेर. तिची नक्कल करताना मला श्वास धरून ठेवावा लागतो. शिलाईच्या दुकानात तिला 'सावकाश'च म्हणतात.

अकरा वर्षं ती तिथे काज-बटणं करत होती. कोपऱ्यातल्या भरतकामाच्या मशीनकडे मात्र दुसऱ्याच्या अंगणातल्या झोपाळ्याकडे बघावं तशी बघायची.

भरतकाम करणारी बाई काम सोडून गेली आणि त्याच आठवड्यात वाचनालयाच्या बाई आल्या. त्या रस्त्यातही कुजबुजतच बोलतात. मुलांच्या खोलीत खिडकी आणि पुस्तकांचं कपाट यांच्यामधल्या भिंतीवर त्यांना निळा पडदा हवा होता. त्यावर सतरा चंदेरी पक्षी, खिडकीतून येऊन पुस्तकांकडे उडणारे.

मालकीण सगळं तीनदा विचारते. "जमेल? नाही, जमेल का? म्हणजे मी हो सांगू ना?"

आत्याची नजर खिडकीबाहेर. मग, "हो."

"पसंत पडलं तर ते मशीन तुझं. नाहीतर काजं आहेतच, ती कुठे पळून जातायत!"

चंदेरी धागा म्हणजे लाडावलेलं पोर. चार टाके गुण्यागोविंदाने, मग टकटकटक-खर्र-टप्प! आत्याने मोठ्या नेढ्याची सुई लावली. धाग्याचं टेन्शन सैल केलं. रीळ मशीनवरून काढून लांब जमिनीवर एका पेल्यात ठेवलं, म्हणजे वर चढेपर्यंत धाग्याचा पीळ सुटेल. सव्वीस टाके झाले. टप्प!

"नेढ्यातून सारखं वर-खाली करून बिचारा सोलून निघतोय," आत्या म्हणाली. "मग... मी काय म्हणत होते... त्याला खालीच राहू दे."

तिने तो धागा हाताने हळूहळू मशीनच्या खालच्या बॉबीनवर गुंडाळला, सुईत साधा निळा ओवला आणि कापड पालथं घातलं. आता चंदेरी टाका खालच्या बाजूला पडणार होता, कुणाला न दिसता. वर नुसती निळ्यावर निळी रेघ. तीन दिवस आत्या आकाशाच्या मागच्या बाजूने शिवत होती. मशीनचा खर्र गेला, पेंगुळल्यासारखं खुद-खुद, खुद-खुद चालू राहिलं. धागा एकदाही तुटला नाही.

चौथ्या दिवशी तिने कापड उलटवलं. सतराच्या सतरा पक्षी पाण्यावर ऊन पडावं तसे लखलखले.

"हे उलटे उडतायत," मालकीण म्हणाली. "उलटेच ना? अगं बाई, उलटे!"

खरंच. नक्षीचा कागद पालथा करून गिरवायचा, ते आत्या विसरली होती. पक्षी कपाटाकडून खिडकीकडे निघाले होते.

"उसव!"

आत्याने कात्री उचलली, पुन्हा खाली ठेवली. "भोकं राहतील. आकाशाला."

संध्याकाळी दोघी पडदा घेऊन वाचनालयात गेल्या, मी शिडी धरायला. पडदा टांगला. बाई बघत राहिल्या.

"चूक माझी आहे, कागद पालथा करायला विसरले, पैसे देऊ नका," आत्या म्हणाली. एका दमात! मी शिडी सोडलीच जवळजवळ.

बाई कुजबुजल्या, "राहू दे. मुलं पुस्तक उघडतात आणि खिडकीबाहेरच बघत बसतात." मग आणखी हळू, "मीसुद्धा."

"म्हणजे पसंत? पसंत ना? मी पसंत समजू?"

बाई खिडकीबाहेर, आत्या खिडकीबाहेर.

आता कोपऱ्यातल्या मशीनसमोर आत्याच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'कागद पालथा.' खाली जमिनीवर पेला. त्यातून धागा सावकाश वर, आत्याच्या हातातल्या बॉबीनवर चढतो, आणि हल्ली मालकीणसुद्धा तो वर पोचेपर्यंत थांबते.